जुन्या टू-स्ट्रोकचं मिसिंग : ब्लॉक उघडण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा जवळ आला की पावसाळाभर ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या आरएक्स १०० आणि येझदी बाहेर निघतात. धुणं-पुसणं होतं, हार चढतो आणि पहिल्याच चढाला गाडी मिस मारायला लागते, म्हणजे मधेच फायर चुकून धक्के देते. गॅरेजमध्ये नेली की बरेचदा ठरलेलं निदान ऐकू येतं : कार्बोरेटर बदला, नाहीतर ब्लॉक (ज्यात पिस्टन चालतो तो सिलिंडर) बोअर करा, म्हणजे आतून कापून मोठा करा. या दोन्ही गाड्यांचं उत्पादन १९९६ मध्येच थांबलं. मूळ ब्लॉक आता सहजासहजी मिळत नाहीत आणि दर बोअरला हाती असलेल्या ब्लॉकचं आयुष्य कमी होतं. म्हणून नेमकं कारण सापडेपर्यंत ब्लॉकला हात लावू नये, ही कळकळीची विनंती.

आधी मिसिंग कशाला म्हणायचं ते पाहू. उतारावर थ्रॉटल सोडल्यावर टू-स्ट्रोक इंजिन एक फेरा सोडून एक फायर करतं. त्याला फोर-स्ट्रोकिंग म्हणतात आणि तो दोष नाही. चढाला, लोडवर किंवा एका स्पीडला धरलेली असताना गाडी धक्के देत असेल तरच शोध सुरू करावा. ग्राहकाला पहिला प्रश्न विचारायचा तो ‘कधी?’ थंड असताना की तापल्यावर, आयडलला की फुल थ्रॉटलला, हेडलाइट लावल्यावर वाढतं का? निम्मं निदान या उत्तरांतच असतं.

मग प्लग, म्हणजे ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग. गाडी मिस मारत असतानाच क्लच दाबून इंजिन बंद करा आणि प्लग तिथेच काढून बघा. गॅरेजपर्यंत आयडलवर चालवत आणलेल्या गाडीचा प्लग खरं सांगत नाही. टोकाचं पोर्सेलिन फिकट तपकिरी असेल तर पेट्रोल-हवेचं मिश्रण ठीक. काळा-ओला असेल तर पेट्रोल किंवा ऑइल जास्त, नाहीतर स्पार्क कमजोर. पांढराफटक असेल तर कुठूनतरी जादा हवा शिरते आहे, आणि अशी गाडी तशीच पळवली तर पिस्टन जाम होतो. गॅप ०.६ ते ०.७ मिमी ठेवा. नवा प्लग लावताना त्याच हीट रेंजचा (उष्णता बाहेर टाकण्याच्या क्षमतेचा) लावा.

स्पार्क बघताना एक चूक सर्रास होते. हवेत अर्ध्या मिलिमीटरवर ठिणगी उडाली की ‘करंट आहे’ म्हणून मोकळे होतात. कॉम्प्रेशनमध्ये तीच ठिणगी उडायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. ठिणगीने बाहेर सुमारे ६ मिमीची फट ओलांडली, रंग निळसर आणि आवाज कडक असला, तरच ती भरवशाची. प्लगच्या भोकावर फडकं दाबा, कारण किक मारताना तिथून पेट्रोलची वाफ येते. वायर मोकळी लोंबकळत ठेवून किक मारू नका, सीडीआय (प्लगला ठिणगीची वीज सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) जळू शकतो. प्लगवर बसणाऱ्या कॅपचा रेझिस्टन्स मोजा. ५ किलोओमची कॅप १० च्या वर दाखवत असेल तर ती टाकून द्या. प्लग वायरचं टोक ५-६ मिमी कापून कॅप पुन्हा फिरवून घट्ट बसवली तरी कित्येक गाड्या सुधारतात. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून वायरकडे बघा. फुटलेल्या इन्सुलेशनमधून निळी ठिणगी फ्रेमकडे पळताना स्पष्ट दिसते.

येझदीला बॅटरी आणि पॉइंट (उघडझाप करून ठिणगी पाडणारा स्विच) आहेत. पॉइंटची गॅप ०.४ मिमी. पॉइंटची टाच झिजली की गॅप कमी होते, पॉइंट उशिरा उघडतो आणि टायमिंग मागे जातं. पॉइंटवर मोठ्या ठिणग्या पडत असतील तर आधी कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी शोषणारा भाग) बदला. नुसता पॉइंट घासून आठवडाभरात पुन्हा जळेल. हेडलाइट लावल्यावर मिसिंग वाढत असेल तर ६ व्होल्टची बॅटरी आणि अर्थ तपासा. आरएक्सला पॉइंट नाहीत, पण मॅग्नेटच्या आतली कॉइल तापल्यावर तुटते आणि अर्ध्या तासाने थंड झाली की पुन्हा जोडली जाते. त्यामुळे कॉइलचा रेझिस्टन्स ती थंड असताना आणि तापलेली असताना, दोन्ही वेळा मोजायचा. त्याआधी सीडीआयकडून चावीच्या स्विचला जाणारी किलची (इंजिन बंद करणारी) वायर काढून गाडी चालवून बघा. मिसिंग गेलं तर दोष स्विचमध्ये किंवा टाकीखाली घासलेल्या वायरीत. त्या वेळी इंजिन चावीने बंद होणार नाही, हे लक्षात असू द्या.

पेट्रोलची बाजू सोपी आहे. दोन-तीन किलोमीटरवर गाडी मरत असेल तर टाकीचं झाकण उघडा. ‘फुस्स’ आवाज आला तर झाकणाचं हवेचं छिद्र बंद आहे. मिस मारत असताना चोक किंचित ओढा. सुधारली तर मिश्रण पातळ (पेट्रोल कमी), बिघडली तर घट्ट (पेट्रोल जास्त). आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतली ओल ओढतं, म्हणून पावसाळाभर उभ्या गाडीच्या कार्बोरेटरच्या बाउलमधलं (तळाच्या वाटीतलं) पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून पाच मिनिटं ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर टाकी पूर्ण रिकामी करा. कार्बोरेटरमधला पायलट जेट (बारीक भोकाचा तुकडा) उजेडाकडे धरून बघा. त्यात तार घालू नका, भोक मोठं होतं. काहीजण ‘पातळ चालते’ म्हणून टूटी ऑइल (पेट्रोलसोबत जळणारं टू-स्ट्रोकचं तेल) वाढवतात. त्याने उलटं होतं. ऑइलने पेट्रोलची जागा घेतली की मिश्रण आणखी पातळ होतं.

सर्वांत दुर्लक्षित जागा म्हणजे क्रँकची ऑइल सील (क्रँकच्या दोन्ही टोकांना हवा आणि तेल अडवणाऱ्या रबरी कड्या). वर्षानुवर्षं उभ्या गाडीत सीलचा रबर कडक होतो. मॅग्नेटकडचं सील गेलं की हवा शिरते, रेस लटकते, म्हणजे थ्रॉटल सोडला तरी आरपीएम खाली येत नाही, आणि जेट कितीही बदलले तरी फरक पडत नाही. क्लचकडचं गेलं की गिअर ऑइल ओढलं जातं. पांढरा धूर निघतो, प्लग चिकट काळा होतो, गिअर ऑइल बाहेर न गळताही कमी होत जातं. हाच धूर बघून ‘रिंग गेल्या’ असं ठरवलं जातं आणि चांगला ब्लॉक बोअरला जातो.

तपासणी घरगुती साधनांनी होते. आरएक्सचा सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या तोंडावर जाड रबर आणि पट्टी आवळा. कार्बोरेटर काढून मॅनिफोल्डच्या रबरात नळी बसवलेलं बूच घाला, ऑटोल्यूबची (आपोआप टूटी ऑइल सोडणाऱ्या पंपाची) नळी जिथे शिरते ती जागा बंद करा. पिस्टन खाली ठेवा, प्लग जागेवर असू द्या. मग ब्लडप्रेशर मोजायच्या यंत्राचा फुगा आणि काट्याचा डायल त्या नळीला जोडून ३०० पर्यंत हवा भरा. त्याहून जास्त नको. मिनिटभरात काटा २५० च्या खाली आला तर गळती आहे. साबणाचं पाणी मॅनिफोल्डच्या भेगांवर, हेड आणि ब्लॉकच्या पॅकिंगवर, शेवटी मॅग्नेट काढून सीलवर लावा. बुडबुडा जिथे फुगेल तिथे दोष. बाहेर कुठेच बुडबुडा नसेल आणि काटा तरी पडत असेल, तर गिअर ऑइल भरायचं झाकण उघडून त्याच्या तोंडावर साबणाचा पडदा धरा. तो फुगला की क्लचकडचं सील गेलेलं आहे.

आयटीआयच्या वर्गांत हीच तपासणी प्रत्यक्ष इंजिनावर मुलांकडून करून घ्यावी. आणि गाडीमालकांनी बोअरिंगला होकार देण्याआधी मेकॅनिकला एवढं जरूर विचारावं : प्रेशर लावून काटा किती पडला?

आपले,
टू-स्ट्रोकची कामं करणारे काही मेकॅनिक, कोल्हापूर