पोटासाठी की देशासाठी, हे भरतीच्या मैदानावर विचारू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रांच्या पानावर सैन्यभरतीविषयी दोन पत्रे आली. एका वाचकांच्या मते फौजेत जाणारी मुले म्हणजे बारावीला कमी गुण पडलेली, दुसरीकडे कुठे न लागलेली मुले. दुसऱ्यांनी त्यांना रागाने उत्तर दिले की प्रत्येक जवान निव्वळ देशप्रेमाने निघतो, त्याच्या पगाराची गोष्ट काढणे हाच अपमान आहे. मी खटाव तालुक्यातल्या हायस्कुलात एकतीस वर्षे शिकवले. माझ्या वर्गांतली तीसेक मुले आज वर्दीत आहेत किंवा पेन्शनीत आली आहेत. या दोन पत्रांतला जवान मला त्यांच्यात सापडला नाही, म्हणून लिहिते आहे.

आधी घरचे सांगते. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा मी दुसरीत होते. माझे थोरले चुलते, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडत होते. त्याच साली ते भरती झाले आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रात, बेळगावला गेले. त्यांचे पहिले पत्र आजीला वाचून दाखवले ते मला आठवते. 'दोन्ही वेळ पोटभर जेवतो, काळजी नसावी,' एवढाच त्याचा सार. देशाचे नाव त्यात नव्हते. सतरा वर्षांनी हवालदार होऊन ते गावी आले. त्यानंतर दर ४ फेब्रुवारीला, म्हणजे तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला त्याची आठवण म्हणून पल्टन जो मराठा दिन पाळते त्या दिवशी, ते पहाटे अंघोळ करून कोटावर पदके लावून ओट्यावर बसत. कुणी बोलावलेले नसे, बघायलाही कुणी नसे. पल्टनीतल्या गेलेल्या सोबत्यांची नावे ते हळू आवाजात घेत, नंबरासकट. खडी फोडणाऱ्या पोराला भूक घेऊन गेली हे खरे, आणि ओट्यावरच्या हवालदाराला भूक बसवत नव्हती हेही खरे. माणूस एकच होता.

दुसरा मार्ग नसतो म्हणून मुले जातात, हे तर आमच्या भागाला लागूच पडत नाही. खटाव, माण, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातली माणसे पिढ्यान् पिढ्या गलाईच्या धंद्यात आहेत. सोने-चांदी गाळायची त्यांची दुकाने पार केरळ, तमिळनाडूपर्यंत पसरली आहेत. मुंबईच्या बाजारात माथाडी कामाला जाणारेही याच जिल्ह्यातले. पाहुण्यांपैकी कुणी ना कुणी तिथे असतो आणि पोराला बोलावून घेतो. माझ्या एका विद्यार्थ्याची तमिळनाडूतल्या थोरल्या भावाच्या दुकानात जागा ठरलेली होती, रेल्वेचे तिकीटही काढले होते. तो गेला नाही. मी विचारले तेव्हा म्हणाला, "बाई, तिथं मी अमक्याचा धाकटा भाऊ. तिकडं माझा स्वतःचा नंबर असंल." मुलगा दहावीला बेताच्या गुणांनी पास झालेला, पण त्याला काय नको होते ते त्याने मला एका वाक्यात सांगितले. याला कुठेच न लागलेला मुलगा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मग फौजींची मुले. घरात वडिलांची लोखंडी पेटी असते, तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर. ती मुले भरतीला जातात यात नवल नाही. नवल मला वाटते ते घरात धाकट्याला जाऊ नको म्हणणाऱ्या फौजी बापाचे. असे बाप मी चार-पाच पाहिले, आणि त्यांतल्या तिघांची मुले तरीही गेली.

साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावाचे नाव सगळ्यांना ठाऊक आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जवान कामी आले. असे काही सांगितले की लोक म्हणतात, या मातीच्या रक्तातच ते आहे. मला हे पटत नाही. इंग्रजांनी कोणत्या जाती, कोणते तालुके लढाऊ मानायचे ते ठरवले होते, आणि जिथे भरतीचे दार उघडे ठेवले तिथे परंपरा वाढली. दार बंद केले तिथे काय झाले, हेही आपल्याच प्रांतात घडले आहे. कंपनीच्या काळापासून लढत आलेल्या महार शिपायांची भरती १८९० च्या दशकात थांबवली गेली. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी त्याविरुद्ध अर्ज तयार केला, १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी पुन्हा सरकारकडे मागणी केली, आणि १९४१ साली बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ यांच्या घरात पुस्तके आली ती लष्करी शाळेच्या वाटेने. फौजेत जाऊ द्या म्हणून अर्ज लिहिणाऱ्या या माणसांना भाकरी हवी होतीच. पण अर्ज लिहायला हात उचलला तो माणूस म्हणून रांगेत उभे राहता यावे यासाठी. नोकरीच्या सुरुवातीला कुणी मला विचारले असते की सैन्यात कोण जाते, तर मी वलंगकरांचे नाव घेतले नसते. आज घेते.

मुलींचेही दार आत्ता आत्ता उघडले. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत (एनडीए) २०२२ पासून मुली आल्या. आमच्या गावात एक मुलगी पहाटे धावते. तिची आई बॅटरी घेऊन बांधावर बसते, कारण पाच वाजता मैदानावर दिवा नाही. आमच्याच जिल्ह्यातले कर्नल संतोष महाडिक २०१५ साली कुपवाड्यात धारातीर्थी पडले, त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी चेन्नईत प्रशिक्षण घेतले आणि २०१७ साली त्या लेफ्टनंट झाल्या. गेल्या आठवड्यातल्या पत्रांतल्या कोणत्या खान्यात त्यांना बसवणार?

ज्यांच्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचे आहे ती मुले सैन्यात गेलीच नाहीत. करोनामुळे दोन वर्षे भरती रखडली. ती दोन वर्षे ही मुले रोज धावत होती. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत बसले की एकमेकांना टाळ्या देत. जून २०२२ मध्ये चार वर्षांसाठी भरती करणारी अग्निपथ योजना आली, वयोमर्यादा २१ ठरली, ओरड झाल्यावर त्या एका वर्षापुरती २३ केली. माझ्या एका विद्यार्थ्याचे वय त्या वर्षीही अकरा दिवसांनी जास्त निघाले. त्याने बूट धुऊन, लेस बांधून, धाकट्या चुलतभावाला दिले. आज तो दुधाच्या टेम्पोवर आहे आणि सकाळी रतीब घालून झाला की भरतीच्या पोरांची वेळ घड्याळ लावून मोजतो. सैन्यात जाणारी माणसे कशी असतात हे मला कुणी विचारले, तर मी आधी त्याच्याकडे बोट दाखवीन.

आता या योजनेतून भरती होणाऱ्यांविषयी, म्हणजे अग्निवीरांविषयी. मुलांना आकडे तोंडपाठ आहेत: पहिल्या वर्षी ३०,००० रुपये, त्यातले हातात २१,०००, चार वर्षांनी सेवानिधी म्हणून व्याजासह एकरकमी सुमारे ११ लाख ७१ हजार, शंभरातल्या जास्तीत जास्त पंचवीस जणांना कायम ठेवणार. बाकीच्यांना पेन्शन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. काही मुले आता हिशेब घालूनच जातात, चार वर्षे करू, पैसे घेऊन काहीतरी टाकू. त्यांना मी नावे ठेवत नाही. पण आण्णांना भुकेतून ४ फेब्रुवारीपर्यंत पोचायला सतरा वर्षे मिळाली होती. ज्या पोराला परेडच्या पहिल्या दिवसापासून पंचविसांतला की पंचाहत्तरांतला ही टांगती तलवार आहे, त्याच्या मनात ते कधी रुजायचे, याची मला मनापासून काळजी वाटते. २०२३ च्या सुरुवातीला प्रशिक्षणाला गेलेल्या पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२७ च्या सुरुवातीला भरतात. ती मुले एसटीतून उतरतील तेव्हा त्यांतल्या कित्येकांचे वय बावीस-तेवीसच असेल.

संपादक महोदय, आपल्या वृत्तपत्रात जवानाचा फोटो येतो तो तिरंग्यात गुंडाळलेली पेटी गावात आली की. तो यायलाच हवा. पण एसटीतून उतरणाऱ्या या मुलांच्या बातम्याही द्या: कुणाला कुठे काम लागले, केंद्रीय पोलीस दलांत राखीव ठेवलेल्या जागा आपल्या जिल्ह्यात किती जणांना मिळाल्या, बँकेने कर्जाला काय उत्तर दिले. आणि आपला एखादा वार्ताहर आमच्याकडे पाठवा. पोरे पहाटे पाच ते साडेसहा हायस्कुलाच्या मैदानावर असतात, मीही तिथे असते. येताना बॅटरी आणायला सांगा, मैदानावर अजून दिवा नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
ता. खटाव, जि. सातारा