रॅमच्या बिलावर नुसते ‘जीबी’ नकोत

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

२०२५ च्या उत्तरार्धापासून संगणकाच्या रॅमचे, म्हणजे चालू कामाची माहिती तात्पुरती धरून ठेवणाऱ्या मेमरीचे, भाव झपाट्याने वाढले आहेत. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या जगातल्या तीन मोठ्या उत्पादकांनी आपली बरीच क्षमता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरना लागणाऱ्या मेमरीकडे वळवली आणि मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रुशल’ या नावाने सामान्य ग्राहकांना होणारी विक्रीच थांबवत असल्याचे जाहीर केले. गेमिंगच्या संगणकात रॅम वाढवणे हा त्यामुळे आता जाता जाता करण्याचा खर्च राहिलेला नाही, आणि विद्यार्थ्यांच्या घरात तर तो पालकांशी बोलून, पैसे साठवून करावा लागतो. मी तंत्रनिकेतनात संगणक हार्डवेअर शिकवतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा गावातल्या दुकानातून आणलेल्या रॅमची बिले विद्यार्थी मला दाखवतात, तेव्हा त्यांवर बहुधा ‘८ जीबी रॅम, १ नग’ एवढेच लिहिलेले असते. विकणाऱ्याने आणि घेणाऱ्यानेही नुसत्या जीबीवर व्यवहार करावा, ही पद्धत बदलली पाहिजे, यासाठी हे पत्र.

मुळात रॅम कमी पडते आहे का, हे दुकानात जाण्यापूर्वी घरीच पाहता येते. गेम अर्धा तास खेळून झाल्यावर तो चालू ठेवूनच विंडोजचा टास्क मॅनेजर उघडावा आणि मेमरी किती वापरली जाते आहे ते पाहावे. १६ जीबीपैकी दहा-अकरा जीबी वापरात असतील आणि तरीही गेम संथ चालत असेल, तर दोष ग्राफिक्स कार्डाचा, प्रोसेसरचा किंवा तापमानाचा असण्याची शक्यता जास्त असते आणि तिथे ३२ जीबी बसवूनही हाती फारसे काही लागत नाही. याउलट रॅम काठोकाठ भरली, की विंडोज डिस्कवरची जागा रॅमसारखी वापरू लागते. मग सरासरी एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रे) बरे दिसले तरी चित्र मध्येच अडकते, आणि संगणकात जुनी हार्ड डिस्क असेल तर फारच अडकते. गेमच्या गरजाही सारख्या नाहीत. वॅलोरंटची किमान गरज ४ जीबीची आहे, तर सायबरपंक २०७७ च्या निर्मात्यांनी २०२३ मधल्या मोठ्या अपडेटच्या वेळी किमान १२ आणि शिफारस म्हणून १६ जीबी सांगितले. माझ्या मते आज ८ वरून १६ वर जाणे बहुतेक खेळाडूंना खरोखर उपयोगी पडते. १६ वरून ३२ वर जाणे मात्र खेळतानाच स्ट्रीमिंग करणाऱ्या, भरपूर मॉड (गेममध्ये खेळाडूंनी केलेले बदल) वापरणाऱ्या किंवा त्याच संगणकावर व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यालाच उपयोगी ठरावे.

यानंतर कोणती रॅम चालेल हे मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात तो मुख्य बोर्ड, ठरवतो. एएमडीच्या एएम४ सॉकेटच्या (प्रोसेसर बसवण्याच्या जागेच्या) बोर्डांवर डीडीआर४ ही रॅमची आधीची पिढी लागते आणि २०२२ मध्ये आलेल्या एएम५ वर फक्त डीडीआर५ ही नंतरची. इंटेलच्या बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे प्रोसेसर मात्र दोन्हींवर चालतात, आणि त्यातल्या कोणत्या रॅमसाठी बोर्ड बनवला आहे हे बोर्डाच्या मॉडेलवरूनच कळते. ‘माझ्याकडे बाराव्या पिढीचा आय५ आहे’ एवढे सांगून रॅम मागणारा ग्राहक म्हणूनच अर्धीच माहिती देत असतो, आणि तेवढ्यावर रॅम काढून देणारा दुकानदार अंदाज बांधत असतो. दोन्ही प्रकारांच्या स्टिकची (रॅमच्या पट्टीची) लांबी सारखीच, पिनाही दोन्हींना २८८च. फरक खाचेच्या जागेचा, आणि तो घाईत नजरेतून सुटला की स्टिक जोर लावून दाबली जाते. सीपीयू-झेड या मोफत प्रोग्राममध्ये बोर्डाचे मॉडेल आणि सध्याच्या रॅमचा तपशील दिसतो. त्या दोन पानांचे फोटो मोबाइलमध्ये घेऊन मगच दुकानात जावे. लॅपटॉपची रॅम आकाराने वेगळी असते आणि काही लॅपटॉपमध्ये ती बोर्डावरच पक्की बसवलेली असल्याने वाढवताच येत नाही, हेही खरेदीआधीच पाहिलेले बरे.

सर्वांत जास्त नुकसान होते ते एकच स्टिक घेतल्याने. डीडीआर४ ची ३२०० वेगाची (सेकंदाला ३२०० दशलक्ष वेळा माहिती देणारी-घेणारी) एक स्टिक प्रोसेसरला सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी माहिती पुरवू शकते. तशाच दोन स्टिक योग्य स्लॉटमध्ये बसवल्या की ड्युअल चॅनलमुळे, म्हणजे दोन वाटांनी एकाच वेळी माहिती जात असल्याने, हा आकडा ५१.२ होतो. एएमडीच्या रायझेन ५ ५६००जी सारख्या प्रोसेसरवर, जिथे वेगळे ग्राफिक्स कार्ड नसते आणि अंतर्गत ग्राफिक्सला याच रॅममधून आपला वाटा घ्यावा लागतो, हा फरक खेळताना लगेच जाणवतो. ‘आधी संगणक घेऊ, ग्राफिक्स कार्ड पुढच्या वर्षी’ असे ठरवणाऱ्या घरांत नेमका असाच प्रोसेसर असतो, आणि खर्च वाचवायचा म्हणून त्यांनाच एक स्टिक दिली जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते. ज्यांच्याकडे ८ जीबीची एकच स्टिक आहे, त्यांनी ती विकून १६ ची एक घेण्याऐवजी शक्य तितकी तिच्यासारखी दुसरी ८ जीबीची जोडावी. चार स्लॉटच्या बोर्डांवर दोन स्टिक बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवायच्या असतात. शेजारीशेजारी बसवल्या तर बऱ्याच बोर्डांवर ड्युअल चॅनल मिळतच नाही.

डीडीआर५ वाल्यांनी ‘आत्ता दोन, पुढे आणखी दोन’ हा बेत मात्र करू नये. एएम५ वर बसणाऱ्या रायझेन ७००० मालिकेसाठी एएमडीचा अधिकृत वेग दोन स्टिकला ५२०० आणि चार स्टिकला ३६०० आहे, म्हणजे रॅम वाढवता वाढवता वेग उतरतो. अशा बोर्डावर ३२ जीबी हवी असेल तर १६-१६ ची एकत्र पॅक केलेली जोडीच घ्यावी.

वेगाच्या आकड्याबरोबर सीएल, म्हणजे मागितलेली माहिती यायला रॅमला किती ठोके लागतात, हा आकडाही पाहावा लागतो आणि तो एकटा पाहून चालत नाही. सीएलला २००० ने गुणून वेगाने भागले की विलंब नॅनोसेकंदांत मिळतो. त्या हिशेबाने डीडीआर४ ३२०० सीएल१६ आणि डीडीआर५ ६००० सीएल३० या दोन्हींचा विलंब १० नॅनोसेकंद येतो, तर ६००० सीएल४० चा १३.३. शेवटच्या दोन्ही रॅमच्या खोक्यावर ‘६०००’च छापलेले असते. त्यापुढचा मुद्दा बायोसचा, म्हणजे संगणक सुरू होताना चालणाऱ्या मूळ सेटिंगच्या प्रोग्रामचा. ३६०० ची म्हणून घेतलेली डीडीआर४ रॅम बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमवर छापलेला वेग लागू करणारी सोय) चालू केल्याशिवाय बहुधा २१३३ किंवा २६६६ सारख्या कमी वेगानेच चालते. एएम५ च्या बोर्डांवर याच सोयीला एक्सपो म्हणतात. ज्या वेगाचे पैसे मोजले तो कधी मिळालाच नाही, हे अनेकांना माहीतही नसते, आणि टास्क मॅनेजरमधला वेगाचा आकडा पाहिल्यावर त्यांचा चेहरा उतरतो. इंटेलच्या एच६१० चिपसेटच्या स्वस्त बोर्डांवर तर मेमरीचे ओव्हरक्लॉकिंगच, म्हणजे ती अधिकृत वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणेच, होत नाही. तिथे ३६०० च्या डीडीआर४ साठी जास्त पैसे घेणे हे ग्राहकाच्या अज्ञानाचे पैसे घेणे आहे. रंगीत दिव्यांच्या स्टिकबद्दल एवढेच म्हणेन, की दिव्यांनी वेग वाढत नाही.

आता बिलाबद्दल. वस्तू विकून बिल किंवा पावती न देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. तरीही ‘बिल घेतलेत तर १८ टक्के जीएसटी लागेल’ असे सांगून कच्च्या चिठ्ठीवर रॅम दिली जाते, आणि ग्राहकही वाचलेल्या पैशांकडे पाहून ती घेतो. पुढे रॅम बिघडली तर वॉरंटी मागायला त्याच्याकडे पक्का पुरावा नसतो. आयात केलेल्या पाकीटबंद मालावर कमाल विक्री किंमत आणि आयातदाराचे नाव-पत्ता असणे २०११ च्या वैधमापन नियमांनुसार बंधनकारक आहे. या गोष्टी नसलेली किंवा पाकिटाशिवाय हातात ठेवलेली स्टिक नवी म्हणून घेऊ नये. घरी आणल्यावर पहिल्याच रात्री मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम लावून ठेवावा. त्यात एकही चूक दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी स्टिक बिलासह परत न्यावी. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

संगणक विक्रेत्यांच्या संघटनांना आपल्या वृत्तपत्रामार्फत माझी विनंती आहे, की रॅमच्या प्रत्येक बिलावर उत्पादकाचे नाव, पूर्ण पार्ट नंबर, डीडीआरची पिढी, वेग, सीएल, स्टिकची संख्या आणि प्रत्येक स्टिकचा सिरीयल नंबर लिहिण्याचा दंडक त्यांनी सदस्यांना घालून द्यावा. यातली बहुतेक माहिती स्टिकवरच्या चिकटपट्टीवर छापलेली असते, ती उतरवायला दोन मिनिटेही लागत नाहीत. त्याच बिलावर, ग्राहकाने आपल्या मदरबोर्डचे मॉडेल सांगूनही दिलेली रॅम त्यावर चालली नाही तर ती किती दिवसांत बदलून मिळेल, हेही लिहिलेले असावे.

आपला,
संगणक हार्डवेअरचा एक शिक्षक, नाशिक