धाकट्याचा राग

रावेर, मे महिना

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

लेकाने वर्गातल्या पोराला ढकललं, घरी येऊन दप्तर भिरकावलं, तू त्याला दोन ठेवून दिल्यास आणि मग रात्रभर तुलाच झोप आली नाही. भो, मीही याच वाटेने गेलोय, म्हणून लिहितो.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दारच्या निंबाला झोका बांधला होता. धाकट्याची पाळी आली तरी चुलत बहीण उतरेना. त्याने दगड उचलला. कान लालबुंद, ओठ थरथरत होते. माझाही हात उठणारच होता. आधी दगड काढून घेतला, त्याला घेऊन ओट्यावर बसलो. "तुझी पाळी होती, राग आला तुला. पण दगड मारायचा नाही." बस, एवढंच. माठातलं पाणी दिलं आणि म्हटलं, गरम शेवभाजीवर घालतोस तशी लांब फुंकर घाल. पाच-सहा फुंकरींत खांदे सैल पडले, मग रडला.

श्वास सावकाश सोडला की छातीतली धडधड मंदावते. पण ऐन रागात हे शिकवता येत नाही. आम्ही महिनाभर जेवताना खेळ म्हणून फुंकर घालायचो, म्हणून त्या दिवशी जमलं. आवर घालणारा, कपाळामागचा मेंदूचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. मग आठ वर्षांच्या पोराकडून संयम मागायचा आणि आपण चाळिशीत हात उगारायचा, हे मला पटत नाही.

उशीवर बुक्क्या मारू दे, असं कोणी सांगितलं तर ऐकू नकोस. त्याने राग निवत नाही, बुक्कीचीच सवय लागते. शाळेतून आल्या-आल्या जाब विचारू नकोस, आधी जेवू घाल. आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा भुकेलं, उन्हातून आलेलं पोर निम्मं रागावलेलंच असतं.

छडीशिवाय पोरं बिघडतात, असं आमचे आबा म्हणतात. मी त्यांना अमळनेरची आठवण देतो. १९२४ ते १९३० साने गुरुजी तिथे शिक्षक होते, वसतिगृहातल्या मुलांच्या खोल्या स्वतः आवरायचे. आबा गप्प होतात, पटत मात्र नाही.

रात्री गच्चीवर धाकटा आपणहून बोलला, "पप्पा, मला वाटलं ती कधी उतरणारच नाही." दुपारी विचारलं असतं तर हे निघालं नसतं.

तू मारलंस त्याबद्दल लेकाची माफी माग. मागच्या वर्षी मीही मागितली होती. तो काही बोलला नाही, माझ्या पांघरुणात येऊन झोपला.

वहिनींना नमस्कार सांग. थंडीत सगळे या, भरिताची वांगी निघतील तेव्हा.

तुझाच,
बालमित्र