काका, ते पुस्तक अजून माझ्याकडेच आहे

काका, राम कृष्ण हरी.

मी ख्रिस्ती म्हणून तुम्ही मला आमच्या पद्धतीने "सलाम बाई" म्हणायचात आणि तुम्ही माळकरी म्हणून मी तुम्हाला राम कृष्ण हरी, ही आपली चार वर्षांची सवय, म्हणून इथेही तसंच. मे महिन्याच्या सुट्टीत मी गावी गेले आणि परत येऊन बघते तर तुमच्या लालबागच्या वाचनालयाला कुलूप. चाळ रिडेव्हलपमेंटला गेली, पुस्तकं खोक्यांत भरली आणि काका पाटणला गावी गेले, असं खालच्या पानवाल्याने सांगितलं. निरोप घेता आला नाही, आभार तर राहूनच गेले. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय असंही कळलं, म्हणून इथेच सगळ्यांसमोर लिहितेय, नातू मोबाईलवर वाचून दाखवेल. (बाळा, सावकाश वाच हं, आजोबांना घाई चालत नाही.)

मी तुमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा सोबत माझ्या वर्गातला तो मुलगा होता. सहावीत होता पण सलग वाचता येत नव्हतं. जोडाक्षर आलं की थांबायचा, मी लगेच चूक सांगायचे, तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा, पुन्हा अडकायचा आणि पोरं हसायची. तोवर मी बारा वर्षं शिकवत होते आणि मला वाटायचं चूक दिसली की लगेच सांगणं हेच बाईचं काम. तुम्ही त्याला वाचायला काही दिलंच नाहीत. रजिस्टर पुढे सरकवलंत, म्हणालात, लेका माझा हात दुखतोय, तू लिही. पुस्तकाचं नाव, लेखक, दाखल नंबर, तारीख. आणि तारखेचा रबरी शिक्का त्याच्या हातात दिलात. त्या शिक्क्यासाठी तो रोज शाळा सुटली की लालबागपर्यंत चालत यायला लागला.

मग तो दिवस. तुम्ही मला 'स्मृतिचित्रे' काढून दिलंत, म्हणालात, बाई हे तर तुमच्या घरातलं, वाचलं नसेल तर घेऊन जा. त्याने नाव लिहायला घेतलं आणि पहिल्याच अक्षराला अडला. माझं तोंड उघडणार तेवढ्यात तुम्ही काउंटरखालून हात केलात, थांबा. स्टूल ओढून त्याच्या शेजारी बसलात, पुस्तक त्याच्याकडे सरकवलंत, आणि बोटसुद्धा लावलं नाहीत. वर पंखा खडखडत होता, खाली बसचे हॉर्न. किती वेळ गेला कोण जाणे. त्याने आधी अर्धा स काढला, त्याला म जोडला, खाली ऋकार दिला आणि अगदी हळू म्हणाला, स्मृ. पुढे त्रेला पुन्हा अडला आणि आपला आपणच सुटला. तुम्ही एवढंच म्हणालात, "मार शिक्का."

त्या रात्री मला बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा आठवा अध्याय आठवला. इथिओपियाचा तो अधिकारी रथात बसून यशया संदेष्ट्याचा ग्रंथ मोठ्याने वाचतोय, येशूची शिकवण सांगत फिरणारा फिलिप्प धावत जाऊन विचारतो, वाचताय ते समजतंय का, आणि तो म्हणतो, कोणी दाखवल्याशिवाय कसं समजणार, या, वर येऊन बसा माझ्याजवळ. संडे स्कूलमध्ये वीस वर्षं मी हे शिकवतेय आणि सगळा भर समजावून सांगण्यावर. पण फिलिप्पाने आधी त्याचं वाचणं ऐकलं, मग त्याच्याजवळ जाऊन बसला, हे माझ्या नजरेतून सुटलंच होतं, तुमचं स्टूल सरकलं तेव्हा ते मला दिसलं. तेव्हापासून माझी प्रार्थनाही बदलली काका. आधी मी देवापुढे वर्गातल्या मुलांच्या तक्रारी मांडायचे, आता एकेकाचं नाव घेते आणि गप्प बसते.

आणि 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक. नाव लहानपणापासून माहीत होतं, त्यांच्या नवऱ्याची, ना. वा. टिळकांची भजनं तर आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पेटी-तबल्यावर म्हणतच मी मोठी झाले, पण पुस्तक कधी वाचलं नव्हतं. १८६८ सालचा जन्म, लिहायला-वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर. नवरा १८९५ साली इथे मुंबईत ख्रिस्ती झाला, पण त्या लगेच त्याच्या मागे गेल्या नाहीत, पुढे काही वर्षांनी, स्वतःला पटलं तेव्हाच बाप्तिस्मा घेतला. मी जन्मापासूनची ख्रिस्ती, मला असं थांबून विचार करायची वेळच आली नव्हती, ती त्या पुस्तकाने आणली.

एकदा कोणीतरी मला म्हणालं होतं, ख्रिश्चन असून तुमचं मराठी छान आहे हं. मी हसले, पण फार लागलं. आमचं घर नगर जिल्ह्यातलं, रडणंसुद्धा मराठीतच. तुमच्यापाशी बोलले तर तुम्ही काही न बोलता वरच्या कप्प्यातून ख्रिस्तपुराण काढलंत. इंग्लंडहून गोव्याला आलेल्या फादर स्टीफन्सनी लिहिलेलं, १६१६ साली छापलेलं, दहा हजारांहून जास्त ओव्या, नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना आपल्या भाषेत पुराण हवं होतं म्हणून. गळ्यात तुळशीची माळ, रोज पहाटे ज्ञानेश्वरी वाचणारे तुम्ही, चष्मा पुसून त्याच चालीत ते वाचायला लागलात, जिथे फादर मराठीला दगडगोट्यांतलं रत्न म्हणतात ते पान. आणि मिटताना म्हणालात, "चारशे वर्षं झाली की बाई, आता कुणाला काय सांगायचंय?"

तुमची गिरणी ८२च्या संपात गेली, तेव्हा दिवसभर पेपर वाचत इथेच बसायचात आणि शेवटी मंडळाने चावीच तुमच्या हातात दिली, हे तुम्ही एकदाच सांगितलंत, तेही मी फार विचारलं म्हणून. ती चावी तुमच्याकडे आली नसती तर मी अजूनही त्या मुलाच्या चुकाच काढत बसले असते. त्याबद्दल, त्या स्टुलाबद्दल, त्या थांबा म्हणणाऱ्या हाताबद्दल, मनापासून आभार काका. प्रभू तुम्हाला आणि काकूंना सांभाळो.

तो यंदा दहावीला आहे. 'स्मृतिचित्रे' मी दर वेळी परत करून पुन्हा घेत होते आणि शेवटचं घेतलेलं माझ्याकडेच राहिलंय, मागे त्याच्याच हातचे शिक्के, पहिला जरा तिरका. आता वाचनालयच खोक्यांत गेलं तर परत कुणाकडे करायचं? दिवाळीच्या सुट्टीत मुंबई सेंट्रलहून एसटीने आम्ही दोघं पाटणला येतोय, त्याच्या आईला विचारलंय. रजिस्टर तुमच्याकडे असलं तर काढून ठेवा, नोंद तोच करेल म्हणतोय.