मावशी, तुम्ही 'हं' म्हणाल तेव्हाच

आदरणीय डॉक्टरसाहेब,

आईला जाऊन परवा महिना झाला. तेराव्याला आलेल्या तिघांनी मला एकच विचारलं, "जायचंच होतं तर एवढं मोठं ऑपरेशन कशाला केलंत?" त्यांना मी काही बोलले नाही. तुम्हाला मात्र लिहिल्याशिवाय राहवत नाही.

तुमच्याकडे येण्याआधी आईच्या दुखऱ्या खुब्यासाठी चार महिने आम्ही दारोदार हिंडत होतो. आईचं स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन २०१७ साली झालेलं, हे फाईलच्या पहिल्याच पानावर होतं. तरी कुणी म्हणालं नस दबलीय, कुणी म्हणालं वय झालं, झीज होणारच. गोळ्या बदलल्या, पट्टा दिला, शेक दिला. खुब्याचा साधा एक्स-रे काढायचं चार महिने कुणाच्या मनात आलं नाही. स्तनाचा, प्रोस्टेटचा, मूत्रपिंडाचा, थायरॉईडचा कर्करोग वर्षांनंतरही हाडांत उतरू शकतो, हे मला आज माहीत आहे. पाट्या लावून बसलेल्यांना ते माहीत नव्हतं, असं मी कसं मानू? ज्यांच्या घरी असा जुना आजार आहे आणि खुबा किंवा जांघ दुखायची थांबत नाही, त्यांनी फोटो काढून घेतल्याशिवाय दवाखान्यातून उठू नये.

शेवटी एका हॉस्पिटलात स्कॅनच्या टेबलावर घेताना दोघांनी चादर धरली आणि 'एक-दोन-तीन' म्हणून ओढली. आई किंचाळली. बाळंतपणातही तिनं आवाज काढला नव्हता, असं आजी सांगायची. "फार नाटकं करतात," असं कुणीतरी पुटपुटलं, ते तिनं ऐकलं. तेव्हापासून कुणी जवळ आलं की ती चादर मुठीत घट्ट धरायची. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी तिच्या डोक्यावरून भावाला सांगितलं, "घरी न्या, झोपवून ठेवा."

तुमच्याकडे पहिल्याच दिवशी एक्स-रेच्या खोलीत पुन्हा तीच चादर, तेच दोन हात. तुम्ही बाजूनं चालला होतात, थांबलात. हातातली फाईल मला दिलीत, आईच्या गुडघ्याखाली आणि टाचेखाली स्वतःचे हात घातलेत आणि म्हणालात, "मावशी, घाई नाही. तुम्ही हं म्हणाल तेव्हाच उचलायचं."

आई गप्प. बाहेर रांग लागलेली. वॉर्डबॉय चुळबुळत होता. तुम्ही तसेच वाकून उभे होतात. दोन मिनिटं गेली असतील. मग आईनं मुठीतली चादर सोडली आणि म्हणाली, "हं."

दुखलं नाही असं नाही. पण ती ओरडली नाही.

ऑपरेशनमधलं मला फार कळत नाही. केसपेपरच्या पाठीमागे तुम्ही काढलेलं चित्र मात्र जपून ठेवलंय. खुब्याच्या वाटीचं छत आणि आतली भिंत पोखरलेली, मांडीच्या हाडाचा गोळा आत ओटीपोटाकडे सरकत चाललेला. नुसती नवी वाटी बसवली तर तिला टेकायला हाडच नाही. म्हणून वरच्या चांगल्या हाडातून स्टीलच्या सळया, भोवती हाडाचं सिमेंट आणि त्यात वाटी. हॅरिंग्टन नावाच्या अमेरिकन सर्जननं १९८१ मध्ये ही पद्धत मांडली, असं तुम्ही सांगितलंत. भाऊ सेंट्रिंगचं काम करतो. "स्लॅबमध्ये गज टाकतात तसं," म्हणालात आणि चार महिन्यांत पहिल्यांदा त्याला कुणाचं तरी बोलणं समजलं.

आणि खरं ते तुम्ही आईलाच सांगितलंत, आम्हाला बाजूला घेऊन नाही. "यानं आजार जाणार नाही, मावशी. जोखीमही आहे. पण पाय टेकवता येईल." तिनं विचारलं, "संडासला एकटी जाईन?" तुम्ही म्हणालात, "त्याच्यासाठीच करतोय."

अकरा महिने एकटी गेली, डॉक्टर. आधी वॉकर धरून, मग काठीवर. दुपारी ओट्यावर बसून शेंगा फोडायची. भावाच्या मुलीच्या बारशाला उभं राहून तिनं पाळणा म्हटला, सगळी कडवी. कशाला केलंत म्हणणारे त्या दिवशी जेवायला होते.

शेवटचे पंधरा दिवस ती अंथरुणाला खिळली. कूस बदलायला मी आणि वहिनी दोन्हीकडून हात घालायचो आणि थांबायचो. बोलणं बंद झालं होतं, पण 'हं' म्हणायची. तेवढं ऐकूनच आम्ही उचलायचो. हे आम्हाला कुणी शिकवलं, ते तुम्हाला कळावं म्हणून एवढं लिहिलं.

पुढच्या मंगळवारी मी मुंबईला येतेय. आईचा वॉकर घेऊन येते, तुमच्या वॉर्डात कुणाला तरी लागेल. त्याच्या मुठींना तिनं जुन्या लुगड्याचं कापड गुंडाळलंय, हाताला रुतू नये म्हणून. ते तसंच राहू द्या.

तुमच्या पेशंटची मुलगी