बहात्तर मतं

चि. राजा,

अनेक आशीर्वाद.

समोर बसून बोलायला घेतलं की तू हेडफोन चढवतोस, म्हणून लिहिते आहे. गेल्या महिन्यात तुझा तो मेसेज मी वाचला. चोरून नाही, स्क्रीन उघडी टाकून तू झोपला होतास. तुझ्या लाडक्या नायकाचं ज्याने वाटोळं केलं त्या लेखकाला तू लिहिलं होतंस, ‘त्याच्याऐवजी तूच का नाही मेलास!!!’ मेसेज गेलेला होता.

त्याच रात्री तुला उठवणार होते. पण म्हटलं, एवढं काय झालंय ते आधी बघावं. तुझ्या कपाटातली कॉमिक्स काढली आणि रोज रात्री थोडी थोडी वाचली.

पहिल्यांदा हाताला लागला तो जेसन टॉड. १९८८ साल, बॅटमॅनचा दुसरा रॉबिन, म्हणजे त्याचा पोरसवदा साथीदार. उद्धट, डोक्यात राख घालून घेणारा, म्हणून बऱ्याच वाचकांना नकोसा झालेला. तेव्हा संपादक डेनिस ओनील यांनी त्याचा निकाल वाचकांवरच सोपवला. दोन फोन नंबर छापले, एक जगवायचा, एक मारायचा. एका फोनला पन्नास सेंट, मुदत जेमतेम छत्तीस तास. मारा म्हणणारे फोन आले ५,३४३ आणि जगवा म्हणणारे ५,२७१. फोन म्हणते, माणसं म्हणत नाही, कारण कुणीतरी संगणक लावून एकच नंबर पुन्हा पुन्हा फिरवल्याचं पुढे ओनील यांच्याही कानावर आलं होतं. बहात्तर मतांनी पोर गेलं.

माझं लक्ष मात्र भलतीकडेच अडकलं. आई आहे ना. तो मुलगा त्या गोष्टीत आपल्या जन्मदात्या आईला शोधत निघालेला असतो. ती सापडते, आणि तीच त्याला जोकरच्या हाती देते. तरी स्फोट होतो तेव्हा हा तिच्यापुढे ढाल होऊन उभा राहतो. जिम स्टार्लिन यांनी ते लिहिलं, जिम अपॅरो यांनी काढलं, आणि तो वाचला तर काय छापायचं तेही काढून ठेवलं होतं. मी ते पान दोनदा वाचलं आणि दिवा मालवून पडून राहिले. त्या मुलाच्या मरणासाठी लोक पैसे मोजत होते, हे काही केल्या डोक्यातून जाईना. बरं, वाचकांचं ऐकून तरी ओनील सुटले का? शिव्या त्यांनाच बसल्या.

(कॉमिक्समध्ये फक्त तिघं कायमचे मरतात, कॅप्टन अमेरिकाचा साथीदार बकी, जेसन टॉड आणि स्पायडरमॅनचे बेन काका, असं तुम्ही लोक म्हणायचात म्हणे. त्यातले पहिले दोघे २००५ मध्ये उठून बसले. काका बिचारे गेले ते गेलेच.)

मग कॅप्टन अमेरिका. त्याला घडवणारे जो सायमन आणि जॅक कर्बी, दोघेही ज्यू घरांतले. त्यांच्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर तो हिटलरच्या तोंडावर ठोसा मारतोय. अंकावर तारीख मार्च १९४१ची, अमेरिका युद्धात उतरली ती डिसेंबरात. त्या चित्रापायी सायमन-कर्बींना नाझींच्या चाहत्यांकडून धमक्या आल्या होत्या. २०१६ मध्ये निक स्पेन्सर यांनी त्याच नायकाच्या तोंडी ‘हेल हायड्रा’ असा शत्रूच्या टोळीचा जयघोष घातला, आणि या वेळी जिवे मारण्याच्या धमक्या आल्या त्या नायकावर जीव असणाऱ्यांकडून. लोक दुखावले ते मला कळतं. ज्यू मुलांनी घडवलेला नायक नाझींच्या सावलीत वाढलेल्या टोळीचा निघावा, हे कथेतलं एक वळण म्हणून सोडून देता येण्यासारखं नाही. पण धमकीचं पत्र १९४१चं कोणतं आणि २०१६चं कोणतं, हे नुसत्या मजकुरावरून तुला ओळखता येईल का रे?

एका बाबतीत मात्र मी तुझ्या बाजूने आहे, आणि चांगली तावातावाने. पीटर पार्कर, म्हणजे स्पायडरमॅन, आणि मेरी जेनचं लग्न १९८७ मध्ये झालं. २००७ मध्ये मे काकूचा जीव वाचवायला पीटरने एका सैतानाशी सौदा केला आणि ते लग्न झालंच नव्हतं असं ठरलं. वीस वर्षांचा संसार! भांडून वेगळे झाले असते, कुणी एक मेलं असतं, तरी वाचलेलं आपल्यापाशी राहिलं असतं. इथे वाचणाऱ्याच्या आठवणींनाच खोटं पाडलं. मला तर सैतानापेक्षा प्रकाशकाचाच जास्त राग आला.

आणि पुढे काय कळलं, ऐक. ती गोष्ट लिहिणाऱ्या स्ट्राझिन्स्की यांनाच तो शेवट पटला नव्हता. शेवटच्या दोन अंकांवरून आपलं नाव काढून टाकावं, असा त्यांचा विचार होता. लग्न नको होतं ते मुख्य संपादक जो केसाडा यांना. म्हणजे मुखपृष्ठावर नाव दिसलं म्हणून ज्याच्यावर लोक तुटून पडले, तो आतल्या आत त्यांच्याच बाजूचा होता. ही पात्रं लेखकांच्या मालकीची नसतातच मुळी. सुपरमॅन ज्यांनी जन्माला घातला त्या सीगल आणि शुस्टर या जोडीने १९३८ मध्ये त्याचे हक्क १३० डॉलरला देऊन टाकले. नंतर आलेले सगळे भाडेकरू. तुझा तो लेखकही. भिंत पाडायचं त्याने ठरवलं की मालकाने, हे तुला ठाऊक आहे का? मला तरी नाही.

जिम शूटर नावाच्या मुलाला तेराव्या वर्षी डीसी या कॉमिक्स कंपनीच्या गोष्टी कंटाळवाण्या वाटल्या. त्याने स्वतः एक गोष्ट लिहिली, पानं आखली आणि पाठवून दिली. त्यांनी ती विकत घेतली. तुझ्याहून दोन वर्षांनी लहान होता तो. तू लगेच असंच कर, असं मी म्हणत नाही. तुझी चित्रं मी पाहिली आहेत.

पण त्या लेखकाला दुसरं पत्र लिही. कितव्या अंकात, कितव्या पानावर, कोणत्या चौकटीत तुझा विश्वास उडाला, ते लिही. चौदावा अंक, उजवीकडचं पान, तो मित्राकडे न बघता निघून जातो ती चौकट, असा माझा अंदाज आहे. मला तिथे फार वाईट वाटलं. पहिल्या मेसेजबद्दल काय लिहायचं ते तुझं तू ठरव.

पत्र मला दाखवू नकोस. उद्गारचिन्हं मात्र एका वाक्याला एकच.

तुझी,
आई

ता. क. सतराव्या अंकाचं एक पान माझ्या हातून दुमडलं गेलंय. जड पुस्तकाखाली ठेवलंय, बघू.