शीट सोड, बाळ्या

पुणे, रविवार रात्र

प्रिय बाळ्या,

तुझं पत्र मिळालं. मालवणात शीडाची होडी घेतलीस म्हणून बरं वाटलं. पहिल्याच फेरीत होडी फार कलली आणि वहिनी "आता मेले तरी पाय ठेवणार नाही" म्हणाल्या, ते वाचून हसू आलं. रागावू नकोस, खडकवासल्याला माझीही हीच गत झाली होती.

होडी कलली की आपण दोघंही शीट, म्हणजे शीड ओढायची-सोडायची दोरी, घट्ट धरून बाहेर झुकतो. मी तर ती क्लीटमध्ये, म्हणजे दोरी पकडून ठेवणाऱ्या खाचेत, अडकवूनच निवांत बसलो होतो. सिंहगडाच्या बाजूने वाऱ्याचा झोत आला. पाण्यावरून काळपट सुरकुती धावत येताना दिसली, पण ताणलेली दोरी क्लीटमधून निघेना. बघता बघता शीड पाण्यावर आडवं, मी गळ्यापर्यंत ओला आणि चष्मा तळाला. पुण्याच्या पिण्याच्या पाण्यात आता माझाही वाटा आहे.

गणपतीच्या मिरवणुकीत ध्वज नाचवणारा पोरगा आठव. काठीच्या टोकाला वारा भरला की त्याचे पाय लटपटतात. तेवढाच वारा कमरेशी लागला तर तो जागचा हलणार नाही. होडीला आडवी पाडण्यात शीडाच्या वरच्या भागाचा हात असाच मोठा. म्हणून वारा जोराचा असेल तर किनाऱ्यावरच आउटहॉल (शीडाची खालची कड ताणणारी दोरी) आणि कनिंगहॅम (डोलकाठीलगतची कड ताणणारी दोरी) ताणून घे. शीडाचं पोट सपाट होतं, कनिंगहॅमने ते डोलकाठीकडे सरकतं आणि वरची मागची कड मोकळी होऊन वारा सांडते. वारा पडलेला असताना मात्र हे करू नकोस, होडी मरगळते.

झोत आला की शीट वीतभर सोड. डोलकाठीलगत शीड थोडं फडफडलं तर फडफडू दे. होडी उठली की परत ओढ. शीट हातातच हवी, तळहात सोलला तरी.

टिलरकडेही, म्हणजे सुकाणू फिरवायच्या दांड्याकडेही, लक्ष ठेव. ते हाताला ओढायला लागलं, होडी आपणहून वाऱ्याकडे तोंड वळवायला लागली, की कल फार झालाय. मी ते दात-ओठ खाऊन धरायचो. सुकाणू तिरकं पाण्यात घासायचं आणि होडी ब्रेक लागल्यासारखी रेंगाळायची.

किकरचं, म्हणजे बूम (शीडाखालची आडवी काठी) खाली ओढून धरणाऱ्या दोरीचं, मला दुसऱ्यांदा भिजल्यावर कळलं. वाऱ्याच्या तोंडावर जाताना तो घट्ट ठेव, पण वारा बाजूने घेऊन पळताना झोत वाढले तर सैल कर. नाहीतर कललेल्या होडीचं बूम टोकाशी पाण्यात बुडतं, मग शीट सोडूनही ते बाहेर जात नाही.

वहिनींना सकाळी ने, दुपारचा खारा वारा चढायच्या आत. आणि शीट त्यांच्या हातात दे. आपण दोरी सोडली की होडी सरळ होते, हे त्यांच्या हाताला कळू दे. तू टिलर सांभाळ आणि गप्प बस.

दिवाळीत येतोच. नव्या चष्म्याला मागून दोरी बांधली आहे.

तुझा,
अण्णा